वीटभट्टीशेजारचा बागवान

रईसभाई गेल्याचं कळलं तेव्हा मी इंदिरा नगरच्या बाजारात भाजी घेत होतो. त्यांच्या मुलाचा, इमरानचा फोन होता. "अंकल, अब्बा नहीं रहे." भाजीची पिशवी ठेल्यावरच राहिली.

मी मूळचा नागपूरचा. बँकेच्या बदलीनं लखनऊला आलो आणि इथलाच झालो. जवळच्या मलिहाबादच्या शाखेत असताना रईसभाईंची ओळख झाली. दसहरी आंब्यांची वडिलोपार्जित बाग. बोलणं गोड, पण झाडांना कुणी नावं ठेवली की तडकणार. बागेला लागून वीटभट्टी आली आणि या माणसाचं सुख संपलं. कैरी सुपारीएवढी असताना तो धूर लागला की फळाचं टोक काळं पडतं आणि मग त्याला बाजारात कुत्रं विचारत नाही. अर्ज करकरून थकले, तेव्हा चिडून नगर पंचायतीला उभे राहिले. भट्टी बंद करीन, एवढंच एक आश्वासन. या फंदात पडू नका, असं मी परोपरीनं सांगितलं. ऐकतील तर ते रईसभाई कसले! निवडून आले, चेअरमन झाले.

भट्टी खरंच बंद पडली... एकच हंगाम. मग भट्टीवरचे मजूर बायकापोरांसह त्यांच्या अंगणात येऊन बसले. मतं त्यांनीही दिली होती आणि आता त्यांच्या घरी चूल पेटत नव्हती. रईसभाईंनी सगळ्यांना जेवू घातलं आणि काही दिवसांत भट्टी पुन्हा सुरू होऊ दिली. बागवाल्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मला म्हणाले, "भाई साहब, मैं चेयरमैन किसका हूँ, यही समझ में नहीं आता." त्यानंतर ते बागेत जाईनासे झाले. मला त्यांचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं. डॉक्टर हृदयविकार म्हणाले. मला विचाराल तर माणूस आधीच खचला होता.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला गेलो. घरामागे बागेच्या कोपऱ्यात कबर, नुसता मातीचा उंचवटा. शेजारी नव्या विटांचा ढीग. कबरीवरच्या चबुतऱ्यासाठी भट्टीवाल्यानं पाठवल्यात, पैसे घेत नाही, असं इमराननं सांगितलं. पुढची निवडणूक त्याला लढवायची आहे, त्यामुळे भट्टीवाल्याला नाही म्हणवत नव्हतं. मागच्या दारातून त्याची आई, आमच्या भाभी, एवढंच म्हणाल्या, "इन्हें मिट्टी में ही रहने दो, बेटा."

 मी निघालो तेव्हा गवंडी सिमेंट कालवत होता.