तीर्थपुरीत ऐकलेली संथ गाणी

प्रवासवर्णन लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे आधीच सांगते आणि त्याबद्दल वाचकांची क्षमा मागते. मी फारशी हिंडलेली नाही. नोकरीची चौतीस वर्षे नाशिकच्या एका छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेली. दुसऱ्यांच्या प्रवासवर्णनांतले ऱ्हस्वदीर्घ मी सुधारले, स्वतःचे मात्र एक पानही लिहिले नाही. चौसष्टाव्या वर्षी हे धाडस करते आहे, कारण जालना जिल्ह्यातल्या एका शिंप्याच्या दुकानात मी जे ऐकले, ते लिहून ठेवायला दुसरे कोणी येईल असे वाटत नाही.

शाळकरी वयापासून मला सातासमुद्रापलीकडच्या चार तरुणांच्या गाण्यांचे वेड आहे. त्यांच्यामुळे जगभर गाणी रचण्याची रीतच पालटली, असे जाणकार म्हणतात. मला त्यातले शास्त्र कळत नाही. त्यांच्यावाचून माझा एखादा आठवडा गेला असेल, तर तो मला आठवत नाही, एवढेच सांगू शकते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मासिकात मी त्यांच्याविषयी चार ओळींचे भित्रे पत्र लिहिले होते. ते वाचून तीर्थपुरीहून भगवानराव नावाच्या शिक्षकांचे पोस्टकार्ड आले: 'इकडे आम्ही तिघे आहोत. आपण चौथ्या झालात तर आनंद वाटेल.' तेव्हापासून आमचा पत्रव्यवहार चालू आहे. पत्रांत आम्ही त्या गायकांना नुसते 'चौघे' म्हणतो. इथेही तसेच म्हणेन.

इतक्या वर्षांत आमची भेट कधी झाली नव्हती. बोलावणे दरसाल येई आणि दरसाल मी एखादे कारण काढी. या पौषात मात्र भगवानरावांचा निरोप आला तो वेगळा होता. त्यांची एकुलती एक कॅसेट उन्हाळ्यात निकामी झाली होती. सुनेने मोबाईलवर तीच गाणी काढून दिली, पण ती नकली निघाली. 'तुमच्याकडे असली तबकडी आहे. तीवरची गाणी घेऊन या. नाही तर ताई, आमचे मंडळ मोडल्यातच जमा आहे.' भाच्याच्या मदतीने मी माझ्या तबकडीवरची गाणी फोनमध्ये उतरवून घेतली, एक लहानसा स्पीकर पिशवीत टाकला आणि पहाटेची गाडी धरली.

मनमाडपर्यंत धुके इतके दाट होते की, खिडकीबाहेर जग आहे यावर विश्वास ठेवावा लागत होता. मधूनच एखादे बाभळीचे झाड वर यायचे आणि पुन्हा बुडायचे. जालन्याला उतरले तेव्हा ऊन स्वच्छ झाले होते. अंबडमार्गे घनसावंगीला जाणाऱ्या एसटीत मला कांद्याच्या पोत्याशेजारी जागा मिळाली. दुतर्फा मोसंबीच्या बागा, वेचून झालेल्या कपाशीची करडी राने, आणि पुढे उसाने लादलेले ट्रॅक्टर. त्यांना ओलांडायची घाई आमच्या चालकाला नव्हती. उसाच्या मोळ्या पुढे डुलत होत्या, मागे आम्ही डुलत होतो. वाऱ्यावर गुळचट वास येत होता. मला डुलकी लागली आणि जागी झाले ती थेट घनसावंगीच्या स्थानकात, खांदा कांद्याच्या पोत्यावर टाकून.

तिथून तीर्थपुरीला वडाप जीप (माणसे भरली की सुटणारी). आत अकरा माणसे होती. बाराव्या मला पाहून सगळी इतकी सहज सरकली की, जणू ती जागा पहिल्यापासून रिकामीच होती. हरभऱ्याच्या भाजीची टोपली मांडीवर घेतलेल्या एका वयस्कर बाईंनी विचारले, "कोणाकडं चालल्या, बाई?"

रशीद टेलर यांच्या दुकानात, असे मी सांगितले. चालकाने आरशातून माझ्याकडे पाहिले.

"टेपवाले रशीदभाई व्हय? बंद हाय आता त्यांचं."

दुकान बंद आहे का, असे मी घाबरून विचारले.

"दुकान चालू हाय. बोलणं बंद हाय."

जीप हसली. मग त्या बाईंनी पुढचा थांबा येण्याआधी मला सगळी हकीकत सांगून टाकली. साहेबराव हे मोसंबीचे बागायतदार, रशीदभाईंचे लहानपणापासूनचे मित्र. वैशाखात ते मंडळाची कॅसेट बागेत ऐकायला म्हणून घेऊन गेले आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर विसरले. दुसऱ्या दिवशी रशीदभाईंच्या टेपात ती घातली आणि तिची फीत आत गुंडाळून तुटली. साहेबराव म्हणतात, टेपाने खाल्ली. रशीदभाई म्हणतात, उन्हाने आधीच शिजवली होती. आठ महिने झाले, दोघे एकमेकांच्या दारात गेलेले नाहीत. साहेबराव तर शर्टसुद्धा घनसावंगीला शिवून घेतात. हे शेवटचे वाक्य बाईंनी आवाज उतरवून सांगितले. गावाच्या दृष्टीने कॅसेटपेक्षा तो अपराध मोठा असावा.

भगवानराव थांब्यावर उभे होते. पत्रांवरून मी त्यांना उंच समजत होते. ते ठेंगणे, गोल चेहऱ्याचे आणि माझ्याइतकेच संकोची निघाले. आम्ही दोघांनी एकाच वेळी नमस्कार केला, एकाच वेळी 'प्रवास कसा झाला' आणि 'बरा झाला' म्हणालो आणि घराकडे चालू लागलो. त्यांच्या घरी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसर (भाजलेली धान्ये व मसाले दळून केलेल्या पुडाची आमटी) असे जेवण झाले. सूनबाईंनी आग्रह करकरून वाढले. जेवताना भगवानराव एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने सांगत राहिले. त्यांना गाण्यांची तितकी काळजी नव्हती. ते हृदयाच्या दुखण्यातून उठले होते, मुलगा त्यांना कायमचे पुण्याला नेणार होता. जाण्यापूर्वी त्यांना रशीदभाई आणि साहेबराव एका बाकावर बसलेले पाहायचे होते. "मी गेलो की मधे कोणी राहत न्हाई, ताई," ते म्हणाले. "मंग ते कशाला बोलतील?"

दुपारी आम्ही दुकानात गेलो. रस्त्याच्या कडेला, निंबाच्या सावलीत एक खोली. दारात पायरी, आत पायाने चालवायचे काळे शिलाई मशीन, भिंतीलगत एक बाक, भिंतीवर खडूने लिहिलेली मापे. रशीदभाई सडपातळ, पांढऱ्या दाढीचे, चष्म्यावरून पाहणारे. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि माझ्या स्वेटरच्या बाहीची उसवलेली शिवण न विचारता दोन टाक्यांत बंद केली. थोड्या वेळाने साहेबराव आले. धिप्पाड माणूस, हातात मोसंब्यांची पिशवी. पिशवी त्यांनी माझ्यासमोर ठेवली, मला नमस्कार केला, आणि बाहेर जाऊन पायरीवर दुकानाकडे पाठ करून बसले. रशीदभाई कापडावर खडू ओढत राहिले.

मी स्पीकर मशीनच्या फळीवर ठेवला. चौघांचे ते गाणे सुरू झाले, ज्याच्या मधोमध शीळ आहे. तीर्थपुरीत त्याला 'शिट्टीवालं' म्हणतात. इंग्रजी तिघांपैकी भगवानरावांनाच थोडे येते, म्हणून मंडळाने गाण्यांना आपापली नावे ठेवलेली आहेत: शिट्टीवालं, मळणीचं, दुसऱ्या बाजूचं तिसरं.

गाणे संपले. रशीदभाईंनी चष्मा काढून पुसला.

"बाई, बुरा नका मानू. ह्ये ते न्हाईत."

पायरीवरून, पाठ न वळवता, साहेबराव म्हणाले, "बिलकुल न्हाईत. पोरं वाटून राह्यली. आपले मोठे माणसं हायेत."

भगवानरावांनी डोळे मिटले. आठ महिन्यांत त्या दोघांचे पहिल्यांदा एकमत झाले होते, आणि ते माझ्याविरुद्ध होते.

मला वाईट वाटले, हे लपवत नाही. ती तबकडी माझ्याकडे पन्नास वर्षे आहे. तीत नकली काही नाही. माझा हट्टी स्वभाव जागा झाला. मूळ प्रत आणि मुद्रित यांत फरक दिसला की तो नेमका कुठे आहे हे शोधल्यावाचून मला चैन पडत नाही. मी म्हटले, तुमचे कसे होते ते म्हणून दाखवा.

दोघेही लाजले. अखेर साहेबरावांनी पायरीवरूनच गुणगुणायला सुरुवात केली, जडशीळ, खोल आवाजात. मी लक्ष देऊन ऐकत होते तेवढ्यात आतून आणखी एक आवाज सुरू झाला. रशीदभाईंच्या पायाखाली मशीन चालू झाले होते. सुईखाली कापड नव्हते. दोरा नव्हता. नुसता पाय खालीवर होत होता, आणि साहेबरावांच्या गुणगुणण्याशी त्याचा एकही ठोका चुकत नव्हता. चाळीस वर्षे ते त्या गाण्यांवर शिवत आले होते. कॅसेट गेली, पण तिचा वेग त्यांच्या पायात राहिला होता.

आणि तो वेग माझ्या चौघांच्या वेगाहून कमी होता.

मग मला उलगडले. भगवानरावांनी कॉलेजात असताना ती कॅसेट वसतिगृहातल्या एका सोबत्याकडून उतरवून आणली होती. ज्या यंत्रावर नक्कल केली, ते जरा जास्त वेगाने फिरत असावे. अशी नक्कल साध्या टेपावर लावली की गाणे संथ होते आणि आवाज खाली उतरतो. चार तरुणांचे चार पोक्त गृहस्थ होतात. मी हे शक्य तितक्या हळुवारपणे सांगितले. तरी भगवानरावांचा चेहरा पडला.

"म्हंजे मी चुकीचं आणलं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं ह्या दोघांनी चुकीचंच ऐकलं."

तिघेही माझ्याकडे पाहू लागले. साहेबरावसुद्धा आता वळून पाहत होते. जन्मभर चूक दिसली की मी समासात खूण केली आहे. त्या दुपारी मला तशी खूण करता येईना. भाच्याने फोनमध्ये गाण्याचा वेग, आणि त्यासरशी आवाजाची पट्टीही, कमीजास्त करण्याची सोय दाखवून ठेवली होती, ती उघडली आणि रशीदभाईंना म्हणाले, "तुम्ही पाय चालू ठेवा."

पहिल्या खेपेस गाणे फार मंद झाले. "झोपले," साहेबराव म्हणाले. दुसऱ्या खेपेस पाय पुढे गेला आणि गाणे मागे राहिले. मी केसभर, मग आणखी केसभर वेग सारत गेले. निंबाची पाने जमिनीवर हलत होती, रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, आणि मग केव्हातरी मशीनचा आवाज ऐकू येईनासा झाला. तो थांबला नव्हता. गाण्यात मिसळून गेला होता.

ते गाणे मी हजारदा ऐकले असेन. पण त्या दिवशी मला त्यात एक ऐसपैस दुपार दिसली, जी माझ्या तबकडीत कधी नव्हती. शब्दांच्या मधल्या जागा रुंद झाल्या होत्या. शीळ आली ती एखाद्याने दूर शेताच्या बांधावरून घालावी तशी, विरत विरत. भगवानराव भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

गाणे संपल्यावर रशीदभाईंनी पाय थांबवला. मशीनच्या चाकावर हात ठेवून, पायरीकडे न पाहता ते म्हणाले, "साहेबराव, भायेर (बाहेर) काय बसलात? दुसरी बाजू बाकी हय."

साहेबराव उठले. दारात क्षणभर थांबले.

"पहिले तो शर्ट उतरवून द्या," रशीदभाई म्हणाले. "एक खांदा वर, एक खाली. लोक मला हसून राह्यले."

"घनसावंगीचा हाय."

"तेच सांगून राह्यलो."

साहेबराव बनियनवर बाकावर बसले, भगवानरावांच्या शेजारी. रशीदभाईंनी शर्टाचा खांदा उसवायला घेतला. मी दुसऱ्या बाजूची गाणी त्याच वेगाने लावली. कॅसेट कोणामुळे गेली, हा विषय त्यानंतर मी तिथे होते तोवर निघाला नाही. मिटला असे मात्र म्हणवत नाही. दुसऱ्या दिवशी निघताना, ती आधीच शिजलेली होती, असे रशीदभाईंनी मला एकटीला गाठून पुन्हा सांगितलेच.

त्यांच्या वेगाची सगळी गाणी मी भगवानरावांच्या सुनेच्या फोनमध्ये ठेवली. तिघे मला जीपपर्यंत सोडायला आले. साहेबरावांचे दोन्ही खांदे एका पातळीत होते. मोसंब्यांची पिशवी इतकी जड होती की, जालन्याच्या फलाटावर मी ती दोनदा खाली ठेवली.

घरी आल्यावर मी माझी तबकडी लावली. चौघे भराभर गाऊन मोकळे झाले. मी पुन्हा लावली. काही चुकले आहे असे नव्हे, पण पन्नास वर्षांत पहिल्यांदाच माझ्या मनात आले की, हीच गाणी बरोबर आहेत हे मी कशावरून ठरवले? ज्या खोलीत मी ती प्रथम ऐकली, तिथल्या तबकडीयंत्राचा वेग कोणी मोजलेला नव्हता. मी ऐकले, मला आवडले आणि तेच मूळ ठरले. तीर्थपुरीतही निराळे काही घडले नव्हते. आता फोनमध्ये दोन्ही ठेवली आहेत. सकाळी कामे आवरताना माझी लावते. दुपारी, ऊन खिडकीतून जमिनीवर उतरले की, त्यांची.

तुमचे सर्वांत आवडते गाणे तुम्ही पहिल्यांदा कोणत्या यंत्रावर ऐकले होते, आणि ते यंत्र बरोबर चालत होते का?