आमच्या घराची बाहेरची बाजू

दर दिवाळीला जुन्या चुन्यावर नवा चुना चढतो, खरडायची तसदी कोणी घेत नाही. आमच्या घरचे सुदाम पेंटरचे किस्से असेच एकावर एक जमत गेले. भंडाऱ्याच्या आमच्या गल्लीत ते मी वर्षानुवर्षं हसत सांगितले. हल्ली सांगताना मान खाली जाते.

*

सत्तरच्या दशकात बाबांची धानाची दलाली जरा बरी चालली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पेंटर लावला. तोवर कुंचा माझ्याच हातात असे. सुदाम कारध्याहून सायकलने नदीचा पूल ओलांडून यायचा. "पेंटरवर नजर ठेवावी लागते," असं म्हणून बाबांनी मला शिडीखाली खुर्ची टाकून बसवलं. कॉलेजात जाणारा मी, खरोखर बसलो!

दुपारी सुदाम वरून म्हणाला, "भाऊ, असे पाहून राहिले त भिंत लाजते ना."

मी खुर्ची दोन हात मागे घेतली आणि बसूनच राहिलो.

*

एका वर्षी चुना पांढराशुभ्र दिसावा म्हणून बाबांनी ड्रममध्ये निळीची पुडी टाकली. बाबा विसरले असतील म्हणून आईने दुसरी टाकली. दोघंही विसरले असतील म्हणून मी तिसरी. भिंत अशी निळी झाली की लोक थांबून पाहू लागले.

"पेंटरने वाट लावली," बाबा गल्लीभर सांगत सुटले. आई आणि मी शेजारी उभे राहून माना डोलावत होतो.

सुदामने दुसरा चुना कालवला. "नीळ जास्त झाली मालक," एवढंच म्हणाला. "कोनं टाकली ते मी नाही इचारत."

*

शेजारच्या गुरुजींचं घर आणि आमचं घर यांच्यात हातभर बोळ. गुरुजींचं म्हणणं, "आमची भिंत तुम्हाला दिसते, तुम्ही रंगवा." बाबांचंही नेमकं तेच. दोन्ही भिंती वर्षानुवर्षं शेवाळल्या. एकदा चुना उरला तेव्हा सुदामने बोळात शिरून दोन्ही भिंतींना एकेक हात मारला.

"त्यांची भिंत कायले रंगवली?" बाबा ओरडले.

"मालक, मले दोन्ही दिसतात."

बाबांनी त्याला वर्षभर बोलावलं नाही. मी त्याची बाजू घ्यायला हवी होती. घेतली नाही.

*

आणि हा ताईचं लग्न जमवायच्या वेळचा. ऐंशी साल उलटून गेलं होतं, दोन ठिकाणांहून तिला नकार आले होते. तिसरे पाहुणे तुमसरचे, माणसं चांगली, मुलगा नोकरीला. हेही हातचं गेलं तर काय, या काळजीने आईला झोप नव्हती. घर देखणं दिसावं म्हणून सिमेंट पेंट आणला, पिवळा. सकाळीच आईने सुदामला बजावलं, "बाहेर दिसते तेवढं सारं रंगवून टाक. काही सोडू नोको."

पाहुणे ठरल्यापेक्षा तासभर आधीच आले. सुदाम अजून खिडकीपाशी ब्रश धूत होता. ओसरीवर चहा झाला. पोहे झाले. ताई आत-बाहेर करत होती आणि मुलाचे वडील खूश दिसत होते. ते आईला म्हणाले, "त्यालेही चहा द्या ना, सकाळपासून उन्हात आहे बिचारा."

आईने माझ्या हातात किटली दिली. नुसत्या नजरेने खूण केली. मला समजली, कारण इतकी वर्षं ते काम माझंच होतं. सुदामचा कप वेगळा. कान तुटलेला, खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवलेला. त्यात वरून धार धरायची. तो कप कधी घरात आला नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी खिडकीपाशी गेलो. कप जागेवरच होता. आतून-बाहेरून पिवळा.

"थांबा भाऊ," सुदाम म्हणाला. "अजून वाळला नाही."

"काय वाळला नाही?" मुलाच्या वडिलांनी ओसरीवरून विचारलं.

सुदामने ब्रश झटकला आणि अदबीने सांगितलं, "माहा कप जी. बाई म्हने, बाहेरचं तेवढं सारं रंगव. हा बी बाहेरचाच."