सहावी ओळ

व्हर्ना ओलेस्किव टीव्हीच्या कोपऱ्यावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवून बर्फावरची हॉकी बघायची. कुणाचे किती गोल झाले ते दिसू नये म्हणून. आवाजही बंद. मी पहिल्यांदा तिच्याकडे सामना बघायला गेलो तेव्हा दहा मिनिटांत वैतागलो.

"अगं, कोण पुढे आहे ते तरी कळू दे."

"ते कळल्यावर तू पाय बघायचा थांबशील, वॉली. गप्प बस आणि ताटातली पेरोगी खा."

ती पाय बघायची. तेही ज्याच्याकडे पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, आहे त्याचे नाही. पक दुसऱ्याकडे गेला की मघाचा पोरगा काय करतो, कुठल्या पायावर रेटा देतो, कुठल्या बाजूला वळायचं टाळतो, हे सगळं ती शाळेच्या वहीत लिहून ठेवायची. सबंध हिवाळाभर. आणि वसंतात त्या वहीतून दहा नावांची यादी काढायची. जूनअखेरीच्या ड्राफ्टमध्ये मोठ्या लीगचे संघ पाळीपाळीनं अठरा वर्षांची पोरं निवडतात, तेव्हा पहिले दहा कोण आणि कोणत्या क्रमानं, त्याची यादी. सव्वीस वर्षं हे चाललं होतं. एका वर्षी दहापैकी सात नावं अचूक जागेवर आली, तेव्हा टीव्हीवरचे कोटवाले तज्ज्ञ चारावर अडकले होते. त्यानंतर गावात तिच्यासमोर हॉकीबद्दल तावातावानं बोलायची कुणाची हिंमत उरली नाही. माझी होती, पण मला कुणी विचारत नाही.

पोप्लर बेंड म्हणजे एक धान्याचं कोठार, दोन चर्च आणि एक बर्फाचं मैदान. मैदानाच्या छपराखाली शिरलं की डावीकडच्या खोलीत, गिऱ्हाइकांसाठीच्या खिडकीमागे, व्हर्ना स्केटच्या पात्यांना धार लावायची. उजवीकडच्या खोलीत मी, बर्फ गुळगुळीत करणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर. मधे नोटीस बोर्ड. हिवाळ्यातला शेवटचा बर्फ वितळवायचा त्या दिवशी सकाळी आठ वाजता ती यादी त्या बोर्डावर टाचायची. एकदा टाचली की त्यात बदल नाही. शेजारी बाकीचे आपापल्या याद्या लावायचे. व्हर्नाला हरवेल त्याला वर्षभर धार फुकट. सव्वीस वर्षांत फुकट धार कुणी नेली नाही.

तिचा आणखी एक नियम होता, तो बोर्डावर नव्हता. पातं जे सांगतं ते फक्त पातं घालणाऱ्याला सांगायचं. फार पूर्वी एका बापाला ती बोलून गेली होती की तुमचा मुलगा उजवा घोटा सांभाळून खेळतोय. बापानं पोराला 'रडका' ठरवून सगळ्या संघासमोर सोलून काढलं. पोरानं पुन्हा स्केट घातले नाहीत. व्हर्ना ते विसरली नाही. तेव्हापासून तिच्या खिडकीवरून आत आलेली गोष्ट आतच राहायची.

गेल्या वर्षी आमच्याच गावचा केल्टन वीब त्या यादीत येणार होता. हे नुसतं गावाचं म्हणणं नव्हतं. सगळे तज्ज्ञ त्याला चौथ्या ते आठव्या जागेत धरत होते. बहुतेकांच्या मते सहावा. आमच्याकडून आजवर कुणी पहिल्या शंभरात गेलेला नाही. एप्रिलमध्ये त्याचा ज्युनियर संघ हरून बाहेर पडला आणि तो घरी आला, तेव्हा मैदानाच्या समितीनं एकट्या त्याच्या सरावासाठी बर्फ आणखी तीन आठवडे ठेवायचा ठराव केला. त्याची आई लोरेन को-ऑपच्या दुकानात गल्ल्यावर असते. ती दूध मोजता मोजता गिऱ्हाइकाला सांगायची, "जूनमध्ये मी तीन दिवस नाहीये हं, आम्ही ड्राफ्टला जातोय." ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते, पण कुणी तोंड वाकडं केलं नाही.

आल्यापासून तिसऱ्या दिवशी केल्टननं स्केट व्हर्नाच्या खिडकीवर ठेवले. सहा वर्षांचा होता तेव्हापासून गावात त्याची पाती तिनंच घासलेली. तिनं नेहमीसारखं डावं पातं अंगठ्याच्या नखावर फिरवलं. मग उजवं. मग पुन्हा डावं. मी तिथेच कॉफी पीत उभा होतो.

"धार कधी लावलीस?" तिनं विचारलं.

"संघात असताना. मार्चअखेर."

"उजवं पार झिजलंय, डावं जसंच्या तसं. त्यानंतर डावा पाय खिशात घालून खेळलास?"

पोरगा हसला. "नवं पोलाद आहे, मिसेस ओ. लवकर झिजत नाही."

"उजव्याला जुनं दिलंय वाटतं."

व्हर्नानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वॉली, तुझा बर्फ वितळतोय." म्हणजे चालता हो. मी निघालो, पण दाराबाहेर पडता पडता तिचं शेवटचं वाक्य कानावर आलंच. "आईला सांग, नाही तर डॉक्टरला सांग. मी सांगणार नाही, पण मला दिसतंय हे लक्षात ठेव."

मी काय समजलो? मला वाटलं, पोरगा आळस करतोय म्हणून म्हातारी झापतेय. सव्वीस वर्षं तिच्या शेजारच्या खोलीत काढली मी, आणि माझी अक्कल एवढीच.

पुढचे तीन आठवडे तिला चैन नव्हतं. केल्टन बर्फावर उतरला की ती धारेचं यंत्र तसंच फिरत ठेवून काचेपाशी जाऊन उभी राहायची. पाच मिनिटांनी खोलीत. पुन्हा काचेपाशी. तिच्या जॅकेटचा खिसा सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांनी भरलेला असायचा. एकदा मी विचारलं, "अगं, यादी झाली का?" तर म्हणाली, "नऊ झालीत," आणि दार लावून घेतलं. मी म्हटलं, दहावं नाव अडलं असेल. दर वर्षी काहीतरी अडतंच.

मेच्या दुसऱ्या शनिवारी बर्फाचा शेवटचा दिवस. सकाळी आठला तिनं कागद टाचला. केल्टन नऊला एकटा सरावाला आला, बोर्डापाशी थांबला, आणि बराच वेळ थांबला. मी गाडीवरून बघत होतो. मग तो बर्फावर न उतरता तसाच बाहेर निघून गेला. मी जाऊन यादी वाचली. एकपासून पाचपर्यंत नावं. सहा आकडा लिहिलेला, पुढे कोरी जागा. मग सातपासून दहापर्यंत नावं. केल्टन वीब कुठेच नव्हता.

अकरा वाजता सगळं गाव आलं. शेवटच्या दिवशी लहानथोर सगळे स्केट घालून गोल गोल फिरतात, बायका बेरीची पाई करून आणतात. त्या दिवशी निम्मं गाव बर्फावर गेलंच नाही, बोर्डापाशीच कोंडाळं करून उभं. कुणी म्हणालं, म्हातारी विसरली. कुणी म्हणालं, विसरली कसली, खुन्नस काढतेय. कोठारावरचा डेल म्हणाला, "सदुसष्टची झाली ती. काढून टाका तो कागद. पोराचं मन मोडेल." व्हर्ना खिडकीमागे पाती घासत होती. सगळं ऐकू येत होतं तिला. मान वर केली नाही.

मग लोरेन आली. पाईची थाळी हातात धरून तिनं यादी वाचली आणि खिडकीकडे गेली.

"व्हर्ना, माझ्या मुलानं तुझं काय वाकडं केलंय?"

"काही नाही, लोरेन."

"मग सगळं जग त्याला सहावा म्हणतंय, आणि तू त्याची जागा रिकामी सोडतेस? नावच लिहायचं नव्हतं तर दुसऱ्याचं लिहायचंस. हे असं थोबाडीत कशाला?"

"त्याला विचार."

"कुणाला?"

"केल्टनला. घरी जाऊन विचार त्याला."

लोरेनला ते टोमण्यासारखं लागलं. थाळी खिडकीवर आपटून ती निघून गेली. मला व्हर्नाचा राग आला, आणि तिची कीवही आली. जन्मभर कमावलेला मान ती एका कोऱ्या ओळीपायी घालवत होती. कशासाठी, ते सांगत नव्हती. हट्टी बाई. आणि खरं सांगायचं तर मलाही ते नाव तिथे हवं होतं. छपराला पाणी गळतं आमच्या, दर वर्षी चार घरं गाव सोडतात, आणि एकदा, एकदाच, टीव्हीवर कुणी पोप्लर बेंड म्हणणार होतं.

दुपारी सगळे पाई खायला आत गेले तेव्हा मी बोर्डापाशी गेलो. दोरीला बांधलेली पेन्सिल घेतली आणि सहाच्या पुढे बारीक अक्षरात लिहिलं, केल्टन वीब.

पाच मिनिटांत गावभर झालं. लिहिलं, लिहिलं तिनं! म्हातारीनं गंमत केली होती रे! डेलनं खिडकीतून हात घालून तिचा हात हलवला. मी दुसरीकडे बघत राहिलो. व्हर्ना बाहेर आली, बोर्डासमोर उभी राहिली, चष्मा डोक्यावर सरकवला. मला वाटलं, आता कागद टराटरा फाडते. पण तिनं फाडला नाही. खोलीत गेली आणि यंत्र सुरू केलं. केल्टन तीनच्या सुमारास परत आला, बोर्ड बघितला, आणि स्केट बांधून शेवटचा तास ऊर फुटेस्तोवर धावला. आम्ही टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी मी थंड करणारा पंप बंद केला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ड्राफ्टआधीच्या चाचण्या होतात. सायकल, उड्या, डॉक्टरी तपासणी. केल्टनच्या डाव्या खुब्यात फेब्रुवारीपासून दुखत होतं. चार महिने त्यानं ते दाबून धरलं, आणि उडीच्या चाचणीत तिसऱ्या उडीला तो खाली आला तो उठलाच नाही. खुब्यातली कूर्चा पार फाटली होती. मे महिन्यात दाखवलं असतं तर सहा आठवड्यांची विश्रांती पुरली असती, असं डॉक्टर लोरेनला म्हणाले. लोरेननं ते मला को-ऑपमध्ये सांगितलं, दूध मोजता मोजता. मी पावाचं पाकीट तिथेच विसरून आलो.

ड्राफ्टच्या दिवशी मैदानातल्या कोरड्या सिमेंटवर खुर्च्या मांडलेल्या होत्या, मोठा पडदा लावला होता. ठरलं होतं म्हणून लावला. पहिल्या दिवशी त्याचं नाव आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. व्हर्नाच्या यादीतली सहा नावं बरोबर ठरली, पण ती मोजायला कुणी थांबलं नाही.

जुलैभर मला झोप नव्हती. शेवटी एके दिवशी मी तिच्या खोलीत गेलो. ती चाक पुसत होती.

"व्हर्ना, ते नाव मी लिहिलं होतं."

"माहीत आहे. तुझं 'के' अक्षर खुर्चीसारखं असतं."

"मग पुसलं का नाहीस?"

"खोडरबर खिशात होतं माझ्या. सकाळी तो बोर्डापाशी उभा राहिला, तेव्हाच समजून चुकला होता. मला वाटलं, आता घरी जाऊन बोलणार. मग ते नाव बघितलं आणि मला ते बरं दिसलं, वॉली. छान दिसत होतं तिथे. म्हटलं, माझंच चुकलं असेल. असू दे थोडे दिवस." तिनं फडकं खाली टाकलं. "सव्वीस वर्षं आवाज बंद करून बघते मी. आणि त्या दिवशी सगळ्या गावाचा आवाज ऐकला."

मी ते फडकं उचललं आणि तिच्या हातात दिलं.

दुखापतीनंतर केल्टन या वर्षी फेब्रुवारीत पहिल्यांदा बर्फावर उतरला. दहा दिवसांनी त्यानं स्केट आणून खिडकीवर ठेवले. मी दारात उभा होतो, पळून जायची सोय नव्हती. पोरगा वाळला होता.

"एक विचारायचं होतं, मिसेस ओ.," तो म्हणाला. "सकाळी ती ओळ रिकामी होती. मी गाडीत बसलो, आईला काय सांगायचं ते पाठ केलं. सगळं पाठ केलं. मग परत येऊन बघतो तर माझं नाव. मी म्हटलं, मिसेस ओ. म्हणतायत सहावा, म्हणजे माझा पाय ठीकच असणार. तुम्ही का लिहिलंत?"

व्हर्नानं माझ्याकडे बघितलंही नाही. "चुकलं माझं," म्हणाली.

ती तेवढ्यावर मला सोडणार होती, जन्मभरासाठी. "तिनं नाही," मी म्हटलं. "मी लिहिलं, केल्टन."

यंत्र बंद झालं. पोरगा माझ्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.

"यानं लिहिलं," व्हर्ना म्हणाली. "ठेवलं मी."

त्यानं शिवी द्यावी, स्केट उचलून जावं, असं मला फार वाटत होतं. त्यानं तसं काही केलं नाही. खिडकीच्या कठड्याला धरून उभा राहिला आणि डावा स्केट बोटानं तिच्याकडे ढकलला.

"बघा," म्हणाला. "आणि या वेळी मलाच सांगा, तोंडानं. कागदावर नको."

तिनं चष्मा खाली ओढला. डावं पातं नखावर फिरवलं. मग उजवं. मग पुन्हा डावं, अगदी सावकाश.

"डावंही झिजतंय," ती म्हणाली.