शकुबाईने सोडलेला गूळ

गुणवंता काश्मीरच्या लढाईवर गेला तेव्हा त्याची आई शकुबाई जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलली. पोरगा जिवंत येऊ दे, त्याच्या हाताने तुला शेंदूर चढवीन, आणि तोवर गोडाचा कण तोंडात घालणार नाही. मी तिची शेजारीण, बाजूलाच हात जोडून उभी होते. नवस मला चांगलाच वाटला.

पोरगा आला. सौंसरच्या स्टेशनावर नागपूरच्या गाडीतून उतरला. शकुबाईने ओवाळलं आणि रीतीप्रमाणे नारळ पुढे केला. गुणवंताने घोंगडीतून हात बाहेर काढलेच नाहीत. सुरुंगाने ते मनगटापासून नेले होते. नारळ तिच्या हातून सुटला, रुळांकडे घरंगळत गेला. उचलायला कोणी वाकलं नाही.

मग हारतुरे झाले. झेंडावंदनाला गुणवंताला पहिली खुर्ची. घरी येईल तो विचारी, "गुणवंता कसा आहे?" त्या तरण्या पोराला घास भरवणारी, धोतर नेसवणारी आणि दुपारी गोठ्यात जाऊन रडणारी बाई कशी आहे, हे कोणी विचारलं नाही. त्याचे वडील पुंडलिकराव तर बोलायचेच थांबले. दिवसभर संत्र्याच्या बागेत राहत, पोराचं जेवण उरकल्यावरच घरी येत. ते भरवणं त्यांना पाहवत नसे.

नवस तसाच राहिला. मारुतीला बाईने शिवायचं नाही. बापाने शेंदूर चढवावा म्हटलं, तर पुंडलिकराव एकदाच बोलले, "मी त्याच्या दारात पाय ठेवत नाई. जिवंत मांगला, तं मोजून जिवंतच देल्ला त्यानं."

गाय मेली तेव्हा समोरची वच्छला म्हणाली, "नवस अडकला व बाई." बागेवर गारा पडल्या, तरी तेच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर तिने ताट शकुबाईपुढून तसंच पुढे नेलं. "हिले तिळगूळ नोका देऊ, हिचं देवाशी वाकडं आहे." बाया हसल्या. शकुबाईही हसली, अन् कुंकू न घेताच उठून गेली.

छप्पन साली नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. त्यानंतरच्या हनुमान जयंतीला गुणवंताच म्हणाला, "चाल व माय, आज फेडून टाकू."

"कशानं रे बाप्पा?"

"जे उरलं त्यानं."

रांगेत मी त्यांच्या मागेच होते. पुजाऱ्याने शेंदराची वाटी खाली धरली. गुणवंताने दोन्ही थोटे हात त्यात बुडवले आणि देवाच्या पायाला लावले. हात वर उचलताच तेलकट शेंदूर कोपरापर्यंत ओघळला. "शाबास जवान!" कोणी तरी ओरडलं, टाळ्याही पडल्या. शकुबाई पदराने ते हात पुसत होती. पुसावे तसा रंग आणखी वर पसरत होता.

घरी आल्यावर मी गुळाचा खडा तिच्या तळहातावर ठेवला. "सुटली व बाई. घे, तोंड गोड कर."

तिने तो तोंडात घातला, बराच वेळ तसाच धरला. मग परसात जाऊन थुंकला.

"देवापाशी आता काही मांगाले भेव वाटते," ती म्हणाली.

आतून गुणवंताने हाक मारली. त्याला भूक लागली होती. तिने हात धुतले, ताट वाढलं. पुंडलिकराव अजून बागेतच होते.