नसलेली बोटं आणि डायलचा काटा

मंडळी, या सदरात चकवा, हडळ, हाकामारी यांच्याबद्दल बरंच येतं. मी सगळं चवीने वाचतो आणि त्यातल्या एका अक्षरावरही विश्वास ठेवत नाही. नास्तिक वगैरे आहे म्हणून नाही हो... आमच्या कंपनीत भुतं पुरवायचं कामच माझ्याकडे होतं म्हणून! हलवायाला पेढ्याचं काय कौतुक?

तरीही लिहितोय. कारण एकदा आमच्या खोलीत असं काही झालं, जे मी केलेलं नव्हतं. आणि नेमकं तेवढंच मला कुणाला पटवता आलं नाही.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. चिंचवडला एमआयडीसीत पत्र्याच्या शेडची आमची कंपनी होती. नाव सांगत नाही, आता ती राहिलीही नाही. पुढे प्रेस शॉप, म्हणजे पत्रा कापणाऱ्या आणि वाकवणाऱ्या मोठ्या प्रेसची रांग. दिवसभर जमीन हादरायची. मागे काचेची एक खोली, टेस्टिंग रूम. तिथे एसी होता. माणसांसाठी नव्हे, यंत्रांसाठी. माणसं पुढे पंख्याखाली.

त्या खोलीत आम्ही छोट्या विमानांचा एक भाग तपासायचो. काम साधं सांगतो. पूर्वी वैमानिक दांडा ओढायचा आणि तारेच्या दोराने शेपटीची पट्टी हलायची. आमच्या मालात दोर नव्हता. वैमानिकाने इकडे नॉब जितका वळवला, तितका कोन वायरीतून शेपटीकडे जायचा, आणि तिकडची मोटर बरोबर तितकीच वळायची. टेबलाच्या एका टोकाला नॉबवालं यंत्र, दुसऱ्या टोकाला काट्याचं डायल. आमच्यात नॉबला सासू म्हणत आणि काट्याला सून. सासू जेवढी मान वळवेल तेवढीच सुनेने वळवायची. जास्त वळवली तर रिजेक्ट, कमी वळवली तरी रिजेक्ट.

एक माणूस नॉबवर, एक काट्यासमोर. काट्यासमोर मी. मी ओरडायचो, “नाक वर पाच!” म्हणजे विमानाचं नाक पाच अंश वर. नॉबवाल्याने तेवढं वळवायचं आणि काटा पाचावर आला की मी “वर पाच!” म्हणून जबाब द्यायचा. दिवसभर हेच. नाक वर, नाक खाली. घरी जेवतानाही एकदा मी बायकोला “वरण खाली दहा” म्हणालो होतो.

आता माझा पराक्रम. करंट बंद असला की काटा सैल असतो. जुन्या रेडिओच्या स्पीकरचं एक मॅग्नेट मी टेबलाखालून फिरवायचो आणि वर काटा आपोआप गरगरायचा. नवा माणूस आला की त्याला सांगायचं, “या डायलमध्ये एका वैमानिकाचा आत्मा आहे.” स्टोअरचा क्लार्क तर पंधरा दिवस दारावरूनच माल द्यायचा. एकदा साहेबांसमोरही केलं, त्यांनी खाली वाकून मला टेबलाखाली रांगताना पकडलं आणि शांतपणे म्हणाले, “बाहेर या, कॅप्टन.” तेव्हापासून मला सगळे नारद म्हणायला लागले.

साहेब म्हणजे आमचे वर्क्स मॅनेजर. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

नामदेव चाकणजवळच्या निघोज्याचे, माझ्यापेक्षा बरेच मोठे. मी नामाभाऊ म्हणायचो. ते पुढे प्रेसवर होते. एका दुपारी प्रेस दोनदा उतरली. एकदाच उतरायची असते. उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा राहिला. दवाखान्यातून आल्यावर त्यांना आमच्या खोलीत नॉबवर बसवलं. लाइट ड्यूटी. पण तात्पुरती. साहेब आणि कंपनीचे डॉक्टर एक दिवस तपासणार, काम जमलं तर याच खोलीत कायम, नाही जमलं तर अनफिट. अनफिट म्हणजे गेटबाहेर. जमीन भावकीत गेलेली, घरात खाणारी पाच तोंडं, आणि नामाभाऊंना दुसरं काम येत नव्हतं.

मुश्कील अशी की डाव्या हाताने एक बटण सतत दाबून धरावं लागे, सोडलं की करंट बंद. म्हणजे नॉब उजव्याच हाताने. अंगठा आणि तळवा यांच्यात नॉब धरला की तो घसरायचा. मग माझ्यातला संशोधक जागा झाला. मी सायकलच्या ट्यूबची पट्टी नॉबला गुंडाळून एक लाकडी दट्ट्या बसवला. पहिल्याच वळणाला दट्ट्या सुटला आणि बघायला आलेल्या साहेबांच्या चहात पडला.

“नामदेव,” साहेब कपात बघत म्हणाले, “याची मदत घेऊ नकोस. आहे ती बोटंही जातील.”

नामाभाऊ खूप हसले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “राव, एक इचारू? गेलेल्या बोटांला खाज सुटतीया. खाजवू कुठं?”

“माझ्या पाठीवर खाजवा,” मी म्हटलं. “मलाही तिथेच सुटते.”

“चेष्टा न्हाई. हायेत ती. मुठ वळली तर वळत्यात. निस्ती दिसत न्हाईत.”

मी दुर्लक्ष केलं. प्रेसवाल्यांना असं होतं, हे ऐकून होतो.

मग एक दिवस जेवणाची सुट्टी संपल्यावर आम्ही पुन्हा बसलो होतो. रीडिंग घेऊन झालं होतं म्हणून नॉब शून्यावर आणून मी त्याचा स्क्रू आवळला होता. आता तो पक्कडीनेही वळला नसता. नामाभाऊंनी डाव्या हाताने बटण दाबून ठेवलेलं, थोटा हात नॉबपासून वीतभर लांब टेबलावर ठेवलेला, डोळे मिटलेले.

माझ्यासमोर काटा उठला. सावकाश वर गेला... आठ, दहा. थांबला. थोडा खाली आला, पुन्हा वर गेला.

मी पहिल्यांदा काय केलं असेल? टेबलाखाली वाकून बघितलं. स्वतःलाच शोधत होतो मी! टेबलाखाली कुणी नव्हतं.

“नामाभाऊ, काय करताय?”

“काय न्हाई. नॉब फिरवतोय,” ते डोळे न उघडता म्हणाले.

“कशाने?”

त्यांनी डोळे उघडले, थोट्या हाताकडे बघितलं, आणि एकदम घाबरून हात खिशात घातला. काटा धपकन शून्यावर आला.

“कुनाला बोलू नका राव. लोक म्हन्त्याल, याच्या अंगात आलंया. साहेब त्याच्यावरच काढत्याल.”

मी शपथ घेतली. आणि चहाच्या सुट्टीत कँटीनमध्ये सगळ्यांना सांगितलं. कसा गप्प बसणार? पण काय झालं, लोक नुसते हसले. प्रेसवरचा एक जण म्हणाला, “नारद, या वेळचं भूत जरा स्वस्तातलं आहे रे.” क्लार्कने तर मला मॅग्नेटची तब्येत विचारली.

तपासणीच्या दिवशी सकाळी साहेब आले, मागून डॉक्टर. डॉक्टर दाराशीच उभे राहिले. त्यांना आणखी दोन कंपन्या करायच्या होत्या. साहेब माझ्या शेजारी काट्यासमोर.

“नाक वर पाच,” साहेब म्हणाले.

नामाभाऊंनी अंगठ्याने आणि तळव्याने नॉब धरला. चार... सहा... घसरून दोन.

“पुन्हा. वर पाच.”

तीन. सात. नामाभाऊंच्या कपाळावर घाम. त्या एसीत मी कुणाला घाम आलेला कधी बघितला नव्हता.

“पुरे,” साहेब म्हणाले. आवाज मऊ होता. “स्क्रू आवळ.”

मी नॉब शून्यावर आणून स्क्रू आवळला. पण नामाभाऊंचा डावा हात बटणावरच होता.

“साहेब, अजून एकडाव. तुमी निस्तं सांगा.”

त्यांनी थोटा हात नॉबपासून लांब टेबलावर ठेवला.

“वर पाच,” साहेब कंटाळून म्हणाले.

काटा उठला आणि पाचावर थांबला. जरासुद्धा थरथर नाही.

साहेब पुढे वाकले. “खाली दहा.”

खाली दहा.

“वर... अडीच.”

अडीचवर काटा असा उभा राहिला की मी जन्मात तसा बघितला नाही. दहा बोटांच्या माणसाला तो अडीचवर धरता येत नसे, अर्ध्या अंशाने तरी हलायचाच. साहेबांनी जाऊन नॉब बघितला. शून्यावर. स्क्रू आवळलेला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. आणि मग त्यांना मी दिसलो. सुटका झाल्यासारखे ते माझ्याकडे वळले.

“मॅग्नेट काढ.”

“साहेब, शप्पथ...”

“तुझ्या शपथा पाठ आहेत मला.”

त्यांनी माझा ड्रॉवर उघडला. मॅग्नेट तिथेच होतं, भेळेच्या कागदात. दुसरीकडे कुठे असणार? साहेबांनी ते टेबलावर ठेवलं.

“साहेब, करंट चालू असताना याने काटा हलत नाही. तुम्हीच शिकवलंय मला. आणि ते ड्रॉवरमध्ये होतं!”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माहीत होतं. इंजिनियर होते ते. पण त्यांनी मॅग्नेट उचलून स्वतःच्या खिशात टाकलं.

“साहेब,” नामाभाऊ म्हणाले, “काटा बराबर थांबला का न्हाई?”

“थांबला.”

“मंग?”

“मग काय, नामदेव... कस्टमरला काय सांगू मी? कोण फिरवतंय म्हणून सांगू?” त्यांनी मान वळवली. “डॉक्टर?”

डॉक्टर जवळ आले, थोटा हात उलटा-सुलटा करून बघितला. काट्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

“मी हात तपासायला आलोय,” म्हणाले, “काटा नाही.” आणि अनफिट लिहून सही केली.

त्याच दुपारी साहेबांनी डायलवर लाल खडूने फुली मारली आणि ते भंगारात पाठवलं. कारण काय, तर काटा आपोआप हलतो. माणूस आणि यंत्र, एका दिवशी दोघेही बाद. मी मात्र राहिलो. माझ्याकडे डिप्लोमा होता आणि दहा बोटं होती.

पुढे मी बऱ्याच जाणकारांना विचारलं. एकाने सांगितलं, करंटचं लीकेज असणार. एकाने सांगितलं, शेजारच्या प्रेसच्या मोटारींनी वायरीत करंट येत असेल. असेल बाबा, पण तो करंट साहेबांचं ऐकून अडीचवर कसा थांबेल? एका डॉक्टरांनी समजावलं की गेलेल्या बोटांची जाणीव मेंदूत राहते. मानलं. पण मेंदूपासून माझ्या डायलपर्यंत वायर कुणी ओढली?

नामाभाऊ मला पुढच्या कांद्याच्या हंगामात भेटले, चाकणच्या बाजारात. पोत्यावर बसून डाव्या हाताने कांदे निवडत होते. मला बघून उठले, चहाला घेऊन गेले.

“नामाभाऊ, पुण्यात एक प्रोफेसर आहेत. त्यांना दाखवू. ते तरी खरं-खोटं करतील.”

“काय दाखवू राव? ती आता न्हाईत.”

“म्हणजे?”

“गेली. प्रेसनं तोडली तवा कुटंच गेली न्हवती. डागदरनं लिवलं, गेटाभाईर आलो, अन् हात हलका झाला. तवापासून मुठ वळवून बगतो. काय न्हाई तितं.”

मी चहा बशीत ओतला.

मग त्यांनीच विचारलं, “साहेब काय म्हन्त्यात? काटा थांबला हुता ह्ये मानत्यात न्हवं?”

खरं तर साहेबांनी मला बजावलं होतं, त्या दिवसाचा पुन्हा विषय काढलास तर तूही बाहेर. डायल कधीच वितळून गेलं होतं.

“मानतात,” मी म्हणालो. “अजून ते डायल खोलीत ठेवलंय. रोज समोर उभे राहतात आणि म्हणतात, याचं कारण काही मला सापडत नाही.”

“व्हय?” नामाभाऊंचा चेहरा उजळला. त्यांनी पोराला हाक मारून आणखी दोन चहा सांगितले.

आयुष्यभर मी थापा मारल्या. त्यांतली कुणी शेवटपर्यंत काही शंका न घेता मानलेली ही एवढीच. आणि तिच्यातही एक वाक्य खरं होतं. कारण सापडलेलं नाही. साहेबांना सापडलं की नाही ते मी कधी विचारू शकलो नाही, पण मला आजवर सापडलेलं नाही.