माझा आवाज पुसा

शेठच्या आईनं माइकवरचा रुमाल चिमट्यानं उचलला. चुलीतला निखारा उचलावा तसा. हात लांब धरून दारापर्यंत गेली अन् अंगणात टाकला. मग नातवाला म्हणाली, "आता बोल तू. पन थांब, पयले माइक पुसू दे. त्याच्या तोंडची वाफ बसली त्याच्यावर."

रुमाल टेपच्या मशीनवाल्याचा होता. वाफ माझी होती.

ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. मी पांढुर्ण्याचा. बौद्ध. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. सायकलरिक्षावर भोंगा बांधून टॉकीजचा, सर्कशीचा, दुकानांचा पुकारा करत फिरायचो. तिगावच्या बाजारातही लोक आवाजावरून मला ओळखत.

सौंसरच्या बियाण्याच्या शेठला रेडिओवर जाहिरात द्यायची होती. त्यानं मला निरोप धाडला. माझ्या मायला डोळ्यानं कमी दिसे. तरी दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाई. तिनं वेचणीच्या सगळ्या बायांना सांगून टाकलं, "माहा पोरगा रेडिओत बोलून राहिला आता."

नागपूरहून टेपचं मशीन घेऊन एक माणूस आला होता. दुकानात टेप केलं तर छिंदवाड्याच्या बसचा हॉर्न आला. मग दुकानामागं शेठचं घर, तिथल्या खोलीत गेलो. भिंतींना गाद्या टेकवल्या, खिडकीवर घोंगडी टांगली. आवाज घुमणं बंद झालं. 'प' म्हटलं, 'फ' म्हटलं की माइकात हवा फुटे, म्हणून त्यानं आपला रुमाल माइकवर बांधला. मी सवयीनं ओरडून राहिलो होतो.

"दादा, हा बाजार नाही," तो म्हणाला. "ऐकणारा एकटाच बसला आहे घरात. त्याच्या कानाशी बोला. ओठ रुमालाला लागू द्या."

मी मनातल्या मनात मायला समोर बसवली. आवाज खाली आणला. त्यानं टेप वाजवून दाखवली. स्वतःचा आवाज मी पहिल्यांदा बाहेरून ऐकला. मऊ होता. असा आवाज आपल्यापाशी आहे हे मला माहीतच नव्हतं.

जाहिरातीच्या शेवटी दुकानाचं नाव तेवढं शेठच्या पोराला घ्यायचं होतं. त्याच माइकात. म्हणून तो चिमटा.

शेठ हसला. "म्हातारं मानूस आहे, मनावर नको घेऊ. आवाज तुहाच ठेवून राहिलो ना आम्ही."

आवाज चालत होता. वाफ चालत नव्हती. मशीनवाला मान खाली घालून वायर सरळ करत बसला.

मी म्हणालो, "माहा आवाज पुसा."

"काय?"

"टेपातला. माह्यासमोर पुसा."

मशीनवाला हळूच म्हणाला, "दादा, असं पुन्हा जमत नाही. राहू द्या."

"पुसा."

"लय माजला का रे?" शेठ म्हणाला. "रेडिओवर चाल्ला होता तू. घरी काय सांगशीन?"

नेमकं तिथंच लागलं. तरी दारात आडवा उभा राहिलो. "पुसल्याबिगर मी हालत नाई."

"पुसून टाका हो. असे भोंगेवाले गल्लोगल्ली भेटतात."

रिळं फिरली. मी शेवटपर्यंत पाहत राहिलो. मग वाजवायला लावलं. नुसती सूं सूं.

घरी माय शेजारणीचा रेडिओ मागून घेऊन बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "बरं केलं."

थोड्या वेळानं म्हणाली, "मले तं म्हणून दाखव. रेडिओत म्हणनार होता तसं. एकडाव."

मी उठून दाराशी गेलो.

"आपल्या मायले बी नाई?"

"नाई, माय."

तिनं रेडिओ पदरानं पुसला अन् परत द्यायला गेली.

पुढची वेचणी लागायच्या आधी माय वारली. तिनं माझा भोंग्यातलाच आवाज ऐकला. तो मऊ आवाज नाही ऐकला. हे मला अजून सलतं. सलू दे. जाहिरातीचं ते वाक्य त्या घरचा माल विकायला होतं. माझ्या तोंडून ते पुन्हा निघणार नव्हतं, मायसाठीही नाही.

शब्द न शब्द अजून पाठ आहे. इथंही मी ते लिहिलं नाही. लिहिणार नाही.