नाकावर टिच्चून

मासिकाच्या कचेरीत तिला सगळे मीठबाई म्हणायचे. पाककृतीत ‘मीठ चवीनुसार’ असं दिसलं की तिची लाल पेन्सिल चाललीच म्हणून समजा. ‘कोणाच्या चवीनुसार, लिहिणारीच्या की खाणाऱ्याच्या?’ असं समासात लिहून ती कागद परत धाडायची. लिहिणाऱ्या बायका फणकारायच्या, आणि शेवटी निमूटपणे चमच्याचं माप कळवायच्या.

ती आली होती मुद्रितं तपासायला. एकदा छपाईला निघालेला केक तिनं घरी करून पाहिला, तर तो मधोमध बसला. दुसऱ्या दिवशी तो डब्यात घालून तिनं थेट संपादकांच्या टेबलावर ठेवला आणि ही कृती खोटी आहे म्हणून सांगितलं. संपादक म्हणाले, वाचून कोण स्वयंपाक करतंय, लोक नुसती चित्रं बघतात.

“मग चित्रंच छापा,” ती म्हणाली. “माझाही वेळ वाचेल.”

संपादक तापट होते, पण आडमुठे नव्हते. जुन्या अंकांचे गठ्ठे हलवून त्यांनी तिला एक खोली दिली. तिथे शेगडी आली, ओव्हन आला, गळक्या नळाखाली एक मोरी होतीच. या खोलीत शिजल्याशिवाय एकही कृती छापायची नाही, असा तिचा दंडक. उरलेलं खायला सगळी कचेरी हजर असायची. ‘पाककृती संपादक’ ही पाटी दाराला लागायला मात्र बरीच वर्षं गेली, आणि तीसुद्धा तिनं मागितली म्हणून लागली.

पन्नाशी उलटल्यावर तिला कसलासा ताप आला. ताप उतरला, आणि एका सकाळी ती घरी शेगडीशेजारी उभी असताना नवरा बाहेरच्या खोलीतून धावत आला. तो घड्याळं दुरुस्त करायचा. भिंग तसंच डोळ्याला. त्यानं गॅस बंद केला. दूध करपून पातेलं काळंठिक्कर पडलं होतं.

“अगं, तुला वास नाही आला?”

आपण दुसऱ्याच विचारात असू, असं तिला आधी वाटलं. मग तिनं कॉफीचा डबा उघडला. लसूण ठेचला. व्हिनेगरच्या बाटलीत जवळजवळ नाक बुडवलं. काही नाही. खारट, आंबट, गोड एवढं जिभेला कळत होतं, पण बाकी सगळं गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणारही नाही. त्या दिवशी न्हाणीघरात नळ सोडून ती पोटभर रडली. नवऱ्याला ऐकू आलं, पण त्यानं दार वाजवलं नाही.

कचेरीत तिनं ही गोष्ट स्वतःच सांगितली. लपवाछपवी तिला जमणारी नव्हती. संपादक हळहळले आणि म्हणाले, बाई, शब्दकोड्याचं पान घ्या, आरामाचं काम आहे. ती सरळ खोलीत गेली आणि कांदा चिरायला घेतला.

नेमकं तेव्हाच प्रकाशन विभागाकडे एका टीव्हीवरच्या आचाऱ्याचं जाडजूड पुस्तक आलं होतं. कचेरीत त्याला बल्लवाचार्य म्हणायचे. पुस्तक तपासताना तिच्या लक्षात आलं की पानोपानी एकच वाक्य आहे: ‘खमंग वास सुटेपर्यंत परता.’ इतकी वर्षं हे वाक्य तिनंही बिनदिक्कत जाऊ दिलं होतं. आता कढईसमोर उभी राहिली की त्या वाक्यापाशी तिची वाट संपायची. मग ती वाकून बघायला लागली. कांद्याच्या कडा आधी काचेसारख्या होतात, मग कोपरे तांबूस. पाणी आटेपर्यंत चरचर मोठी असते, मग ती बारीक होते आणि तेल बाजूला सरतं. तिनं हे प्रत्येक पानावर लिहून काढलं.

बल्लवाचार्य तणतणत आला. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. ज्या बाईला वास येत नाही, तिनं माझ्या पुस्तकात नाक खुपसायचं नाही, असं त्यानं संपादकांसमोर सुनावलं.

“तुमचा वास तसाच राहू द्या,” ती शांतपणे म्हणाली. “त्याच्या शेजारी रंग लिहा, आवाज लिहा. माझ्यासारखी माणसं घराघरांत आहेत. त्यांनी काय जेवायचं नाही?”

“ते मला विचारू नका.”

“तुम्ही पुस्तक लिहिलंय. तुम्हालाच विचारणार.”

तो हस्तलिखित उचलून दुसऱ्या प्रकाशकाकडे गेला. पुस्तक धो धो खपलं, हेही सांगायला हवं. कचेरीत पुष्कळांनी तिला दोष दिला. संपादकांनी शब्दकोड्याचा विषय पुन्हा काढला, तेव्हा तिनं त्यांच्यापुढे पुढच्या अंकाचं पान ठेवलं. पहिलंच वाक्य होतं: ‘या पानाच्या संपादिकेला वास येत नाही.’

संपादक म्हणाले, वाचकांचा विश्वास उडेल.

“उडू द्या. पण खोटं बोलून तो टिकवणार नाही. हे छापायचं नसेल तर त्या जागी माझा राजीनामा छापा.”

पान छापलं गेलं. काहींनी वर्गणी बंद केली. एकीनं लिहिलं, आंधळ्यानं चित्रं तपासावीत तसलाच हा प्रकार. पण फोनही यायला लागले. कोणाचं वास घेणं अपघातात गेलेलं, कोणाचं म्हातारपणानं, आणि एक तरुणी जन्मापासूनच तशी. इतकी वर्षं ती चारचौघांत खोटंच ‘वा’ म्हणत आली होती. शब्दकोड्याचं नाव पुन्हा निघालं नाही. सगळ्यांच्या नाकावर टिच्चून मीठबाईंनी ते पान निवृत्तीपर्यंत चालवलं. वास काही परत आला नाही, आणि त्याची रुखरुखही गेली नाही.

निवृत्तीनंतर तिनं घरीच शिकवणी काढली, फक्त वास गेलेल्यांसाठी. नवऱ्याची घड्याळं खिडकीशी सरकवावी लागली, तर तो कुरकुरला, पण सरकला. पहिल्या दिवशी एक निवृत्त बसचालक आला. डोक्याला मार लागून त्याचा वास गेला होता, आणि त्यासोबत चवही. बायकोनं कितीही मन लावून केलं तरी सगळं कागदासारखं लागतं, म्हणाला, आणि मान खाली घालून बसला.

“मलाही तसंच लागतं,” ती म्हणाली आणि त्याच्या हातात उलथणं दिलं. “उठा. आज कागद तरी कुरकुरीत करू.”